उफराटी चौकट

१

दार लागत नसलं तर कारणं ठरलेली असतात. लाकूड पाणी पितं, बिजागरी झिजते, नाहीतर भिंत बसते. याच्यापलीकडे कारण नसतं. असतं म्हणणारा सुतार आळशी, असं मी आजवर सांगत आलो.

विहीणबाई माझ्या शेडमध्ये आल्या तेव्हा मी रंधा मारत होतो. हात थांबवला नाही.

"व्याही, तुम्ही केलेलं दार लागत नाही," त्या म्हणाल्या.

"सुतार पुष्कळ आहेत."

"दोघं येऊन गेले. तासून तासून कवाड निम्मं करून ठेवलं. तरी लागत नाही. आठवड्यावर लग्न आलंय आमच्याकडे. नवी सून काय उघड्या घरात आणू?"

"जुनीच्या वेळी चांगलं लागत होतं."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "झोपेत ऐकू नाही आलं हो. किती वेळा तेच तेच?"

माझी लेक एकुलती. तिच्या लग्नात मी ते दार करून दिलं होतं, चौकट आणि उंबऱ्यासकट. एका थंडीच्या रात्री जावयानं तिला त्याच दाराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. सकाळी दार उघडलं तेव्हा ती कवाडाला टेकून बसलेली होती. अंग गार पडलेलं. समोरच्या बाईनं मला सांगितलं, पोर रात्रभर दार वाजवत होती. जावई म्हणाला, झोपेत ऐकू आलं नाही. सगळ्यांना ते पटलं. मला पटलं नाही. त्यानंतर मी त्या घराकडे फिरकलो नव्हतो.

"येतो," मी म्हणालो.

त्यांच्या लग्नाशी मला घेणंदेणं नव्हतं. त्या घरात माझी नात होती.

२

घर गल्लीच्या टोकाला. एकच दार. खिडक्यांना गज. जावई त्याच्या लॉन्ड्रीत गेला होता. मी आत गेलो नाही. जे करायचं ते पायरीवर उभं राहून केलं.

कवाड आत उघडणारं. मी त्याची कड धरून बाहेरून ओढलं. सरळ आलं, आवाज नाही, आणि चौकटीपासून वीतभर अंतरावर थांबलं. जोर लावला. थोडं आलं. मग परत आत गेलं.

लाकूड अडलं तर खटकन अडतं. ते दगडासारखं असतं. हे तसं नव्हतं. हे मऊ होतं. गर्दीत पुढच्या माणसाच्या खांद्याला खांदा लावावा, त्यानं जरा जागा द्यावी आणि पुन्हा आपल्या जागी यावं, तसं.

बिजागरी असेल, मी म्हटलं. कवाड उतरवलं. घोडीवर आडवं टाकून दोरी लावली. कुठेही वाक नाही. चौकटीला गुण्या लावला, कोपरे काटकोनात; ओळंबा सोडला, उभी सरळ. माझं काम होतं, चुकणार कुठून? पुन्हा चढवलं. पुन्हा वीतभर.

मग बाहेरच्या अंगाकडे लक्ष गेलं. पॉलिश मी स्वतः केलेलं. ते एका पट्ट्यात गेलं होतं. खांद्याच्या उंचीला सुरुवात. तिथून खाली, छातीला, कमरेला, गुडघ्याला. उंबऱ्याजवळ तर कोरं लाकूड लागलं होतं, आणि तिथे बोटाच्या सांध्याएवढे खळगे होते. गुळगुळीत.

एका रात्रीत लाकूड एवढं झिजत नाही. हे रोजचं होतं.

कुत्रं असेल, मी म्हटलं. विहीणबाईंना विचारलं.

"कुत्रं? आमच्याकडे? शी!" त्या आतून म्हणाल्या.

३

नातीला मी बिट्टी म्हणतो. दुसरीत आहे. दुपारी शाळेतून आली ती आत न जाता पायरीवरच बसली. पायरीच्या अगदी कडेला, अर्धी अधांतरी.

"नीट बस की. पडशील."

"बरंय इथं."

"मधे एवढी जागा पडलीय."

"असू दे." बसमध्ये कुणासाठी तरी धरलेल्या सीटकडे बघावं तसं तिनं त्या जागेकडे बघितलं.

"बाहेर कशाला बसलीस उन्हात?"

"बसवलंय. दूध सांडलं."

मी रंधा खाली ठेवला. "कोणी बसवलं?"

"बाबांनी. कामाला जाताना सांगून गेले. ते येईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही." मग तिनं आवाज बारीक केला. "पूर्वी कडी लावून घ्यायचे. आता दार लागत नाही ना. मग आजी झोपली की मी हात घालून पाणी घेते."

मी दाराच्या त्या वीतभर फटीकडे पाहिलं. पोरीचा हात जाईल, एवढीच होती.

"तुझे बाबा तुला रात्रीचं बसवतात?"

"एकदाच. पण तेव्हा दार लागलंच नाही. बाबा आतून ढकलत होते, आजीपण ढकलत होती. मग कंटाळले." ती हसली. तिचा एक दात पडलेला होता. "आजोबा, आमच्या पुस्तकात एक दार आहे. ते वाजवलं की आतून विचारतात, कोण आहे? आपण नाव सांगायचं. मग उघडतात."

"गोष्टीतलं दार ते."

"इथं कोणी विचारतच नाही. नाव ठाऊक असलं तर नाही का विचारत?"

"माझ्याकडे येतेस राहायला?" मी विचारलं.

तिला यायचं होतं, ते तोंडावर दिसलं. पण तिनं मान हलवली. "मग इथं कोण बसणार?"

मी तिला जास्त विचारलं नाही. लहान पोरं काहीही बोलतात. आई गेलेली पोरं जरा जास्तच.

४

जावई संध्याकाळी आला. चकचकीत इस्त्रीचा शर्ट, लोकांच्या कपड्यांचा वास.

"मामा! आलात, फार बरं वाटलं. जुनं मनातून काढलंत."

"दाराचं बोला."

"दाराचं काय, तुम्ही म्हणाल ते. मला फक्त कडी लागायला हवी. आतून, घट्ट. या पोरीला धाकच उरला नाही. आईवर गेलीय. हट्टी."

"पोर माझ्याकडे द्या. तुमचं लग्न आहे. सुटसुटीत होईल."

"छे, छे. लोक काय म्हणतील? आणि घरात वरकामाला कोणी नको का? नवी बायको आली की पहिल्याच दिवशी काय तिला भांडी घासायला लावू?" तो हसला. विहीणबाईही हसल्या.

बिट्टी अजून पायरीवरच होती. त्यानं तिच्याकडे न बघता तिला आत यायची खूण केली. ती उठली. उंबऱ्याशी क्षणभर थांबली, कुणाच्या पायावर पाय पडू नये म्हणून थांबावं तशी. मग लांब टांग टाकून आत गेली.

दार मी दुरुस्त केलं तर त्या रात्रीच कडी लागणार होती. हे मला कळत होतं. नाही केलं तर हे तिसरा सुतार आणतील, चौथा आणतील, शेवटी लोखंडी दार बसवतील. त्याची झडप कुणाच्या टेकण्यानं अडायची नाही.

मी चौकटीवर हात ठेवला आणि तिथेच ठरवलं.

"चौकट काढावी लागेल," मी म्हणालो. "दार बाहेर उघडणारं करू. आतल्या फरशीला अडायचा प्रश्नच राहणार नाही."

"आणि आत जागापण वाचेल!" जावई खूश झाला. "आई, दारामागे कपाट बसेल बघ तुझं."

५

चौकट काढणं-बसवणं गवंड्याचं काम. माझ्या ओळखीचा एकच गवंडी जिवंत आहे. त्याला सगळे उफराट्या म्हणतात. त्याचं कारण असं.

चौकटीला आतलं आणि बाहेरचं अंग असतं. सुतार आतल्या अंगाला पेन्सिलनं फुली मारतो, म्हणजे गवंडी चुकत नाही. हा पठ्ठ्या तरुणपणी चुकला. एका सावकाराच्या न्हाणीघराची चौकट उलटी बसवली. कडी बाहेर राहिली. पहिल्याच दिवशी कुणीतरी जाता जाता कडी सरकवली आणि सावकार ओल्या अंगानं दुपारपर्यंत आत बोंबलत बसला. तेव्हापासून हा उफराट्या. त्याच्या बायकोनंसुद्धा त्याला मरेपर्यंत तीच हाक मारली.

"चौकट काढायची आणि होती तशीच उलटी बसवायची," मी त्याला सांगितलं. "कवाड, कडी, उंबरा, सगळ्यासकट. आतलं अंग बाहेर."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "जन्मभर ज्या चुकीपायी माझी इज्जत काढलीत, ती आता मुद्दाम करू म्हणतोस?"

"हो."

"तुझ्या जावयाच्या घरी."

"हो."

"कडी बाहेर राहील. बाहेरचं अंग आत जाईल."

"बाहेरचं सगळं आत जाईल," मी म्हणालो.

माझ्या लेकीला त्यानं अंगाखांद्यावर खेळवलेलं. त्यानं कप उचलला, उरलेला चहा एका घोटात संपवला.

"सिमेंट माझं," तो म्हणाला.

६

सकाळी काम धरलं. जावई आणि विहीणबाई धुळीला कंटाळून आतल्या खोलीत जाऊन बसले. मी बिट्टीला समोरच्या विजेच्या खांबापाशी उभं केलं.

"मी हाक मारेपर्यंत इकडे यायचं नाही."

"आणि मग?"

"मग बघू."

उफराट्यानं भिंत फोडली. छिन्नी बेतानं चालवली, म्हातारा असला तरी हात पक्का. चौकट सुटली. कवाड मी चौकटीतच ठेवलं होतं, दोरीनं बांधून. आश्चर्य म्हणजे तेव्हा ते पूर्ण लागलं. फट राहिलीच नाही. मला वाटलं, बघ, भिंतच बसली होती. भिंतीचा दाब गेला, दार लागलं. कारण सापडलं. जरा हलकं वाटलं.

मग आम्ही ती उचलली.

त्या चौकटीचं वजन मला ठाऊक आहे. मीच केलेली. तेव्हा मी आणि एक हमाल मिळून टेम्पोत चढवली होती. आता आम्ही दोघं म्हातारे, ते मी धरून चाललो. तरी हे वजन जास्त होतं. आणि सगळीकडे सारखं नव्हतं. खालच्या बाजूला, उंबऱ्याकडे, एकवटलेलं. फिरवताना ते उशिरा फिरलं. आधी लाकूड फिरलं आणि मग वजन.

"सुतारा," उफराट्या दात आवळून म्हणाला, "लाकूडच आहे ना रे हे?"

"सागवान. पाणी प्यालंय."

"पाणी प्यालेलं लाकूड कुजबुजत नाही."

"काय?"

"काही नाही. उचल."

मीही ऐकलं होतं. शब्द नव्हते. दार वाजवून वाजवून थकलेलं माणूस कपाळ टेकवतं आणि श्वास सोडतं, तेवढाच आवाज. कवाडाच्या त्या अंगाला, जे आता घराकडे वळलं होतं.

चौकट भिंतीत बसली. उफराट्यानं पाचरी मारल्या, गिलावा थापला. एरवी काम करताना त्याचं तोंड बंद नसतं. आता तो एक शब्द बोलत नव्हता. काम उरकलं तसं त्यानं थापी धुतली नाही, तशीच पिशवीत टाकली.

"मी गल्लीच्या तोंडाशी थांबतो," तो म्हणाला. "लवकर ये. पोरीला घेऊन ये."

७

मी दोरी सोडली. दार उघडून पाहिलं. बाहेरच्या बाजूला सहज उघडलं. आतली खोली दिसली, टेबल, घड्याळ, भिंतीला टेकवलेली नवी गादी. कोणी नव्हतं. मी दार लोटलं. मऊ आवाज करून लागलं. हाताला काही अडलं नाही. बाहेर काही उरलंच नव्हतं.

"झालं का मामा?" आतून जावयाची पावलं आली. "अरे वा! लागलं की! आई, ये, बघ!" मग पावलं थांबली. "पण कडी? मामा, आतून कडी कुठेय?"

कडी माझ्यासमोर होती. मी तिला हात लावला नाही. हे नीट सांगतो, कारण पुढे लोकांनी भलतंच उठवलं. कडी सरकवलेली नव्हती. ती मोकळी लोंबत होती.

आतून दार वाजलं. हळू. बोटांच्या सांध्यांनी.

"मामा, वाजवताय काय? मी आहे ना इथे."

त्याचा आवाज दारापासून लांब होता. खोलीच्या पलीकडल्या टोकाशी. वाजत होतं ते दारापाशी.

पुन्हा वाजलं. मग थांबलं. थांबलेलं जास्त वाईट होतं. माणूस दाराकडे पाठ करून वळतं, तशी कापडाची सळसळ झाली.

टेबल सरकलं. काच फुटली.

"मामा, दार उघडा." हा आवाज मी त्याच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. "मामा, कडी काढा. हात जोडतो, कडी काढा!"

"कडी उघडीच आहे," मी म्हणालो. "ढकल आणि बाहेर ये."

जावयाला मी कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"कसा येऊ? वाटेत..." तो रडायला लागला. "वाटेत..."

ओल्या गिलाव्यानं उंबरा जरा खाली दबला होता. कवाडाखाली फट पडली होती. फट किती ते बघायला म्हणून मी वाकलो. सुतार वाकणारच.

आतली फरशी दिसली. लांब, भिंतीच्या कडेला, जावयाची पावलं. एकावर एक चढलेली, भिंतीत शिरायला बघत असल्यासारखी. आणि अलीकडे, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावर, दोन टाचा. माझ्याकडे टाचा, त्याच्याकडे बोटं. डाव्या टाचेला आडवा व्रण. लहानपणी माझ्या शेडमध्ये तिचा पाय पटाशीच्या पात्यावर पडला होता.

मी उठलो. गिलाव्याची धूळ होती. डोळे म्हातारे आहेत. सावली असू शकते. असं मी स्वतःला सांगितलं, आणि माझा हात दाराच्या कडीकडे गेला नाही.

मग विहीणबाईंचा आवाज आला. इतका गोड आवाज त्यांनी आयुष्यात लावला नसेल.

"सूनबाई," त्या म्हणत होत्या, "बाजूला हो गं. शहाणी ना तू? आम्हाला खरंच ऐकू नव्हतं आलं गं, सूनबाई."

त्याला उत्तर आलं. काय आलं ते मला कळलं नाही. दार जाड आहे. मीच केलेलं. पण विहीणबाई पुन्हा बोलल्या नाहीत.

"मामा!" जावई ओरडला. "तुम्ही सांगा हिला! तुमचं ऐकेल!"

"तू सांग," मी म्हणालो. "तिनं तुला रात्रभर सांगितलं. आता तुझी पाळी."

समोरच्या बाईची खिडकी उघडली आणि लगेच बंद झाली. तिला सवय होती.

८

मी हत्यारं गोळा केली. रंधा, पटाशी, गुण्या. एकही मागे ठेवलं नाही. आतून हाका येत होत्या, पण आता त्या मला नव्हत्या.

बिट्टी खांबापाशीच उभी होती. मी हाक मारली नव्हती, म्हणून हलली नव्हती. मी जवळ गेलो. ती रडेल, असं मला वाटलं होतं. बाप आत ओरडत होता, कसाही असला तरी बाप. दार उघड म्हणाली असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी त्याचा विचार करत नाही.

तिनं आधी पायरीकडे बघितलं. मधली जागा बघितली. बराच वेळ बघत राहिली.

"तिथं आता कोणी नाही," ती म्हणाली.

"नाही."

"आई आत गेली?"

"गेली."

"त्यांनी घेतलं तिला आत?"

आत काहीतरी जड कोसळलं. मग गल्लीत एकदम शांत झालं.

"आता घ्यावंच लागलं," मी म्हणालो.

तिनं ते मनात नीट बसवून घेतलं. मग माझ्या पिशवीचा एक बंद तिनं धरला, एक मी धरला.

"मग मी येते तुमच्याकडे," ती म्हणाली.